जरा वाफसा येऊ द्या!

माझ्या हातून आतापर्यंत चार तुळशी गेल्या. खोटं कशाला बोलू, चारही मीच मारल्या.

खराडीतल्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ऊन येतं, वारा येतो, कबुतरं तर हक्काने येतात. कुंडी महागातली, माती नर्सरीतली. तरी दर पावसाळ्यात तुळस आधी पिवळी पडते, मग मान टाकते. आणि मी रात्री साडेनऊला ऑफिसातून येऊन, चपला काढायच्या आधी तिला तांब्याभर पाणी घालते. दिवसभर तिच्याकडे ढुंकून बघितलेलं नसतं ना, त्याची ही भरपाई!

यंदा चौथी तुळस गेली त्याच आठवड्यात त्या कुंडीत लिंबासारखी पिवळी, नाजूक छत्री उगवली. कुत्र्याची छत्री म्हणतो ना आपण, तीच. पण ही अगदी डिझायनर! मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने गुलाबाचं फूल पाठवलं. चुलतभावाने 'ताई, आता भाजी कर' म्हणून तीन हसरे चेहरे टाकले. आणि जे काका ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या पलीकडे कधी जात नाहीत, त्यांनी एकच ओळ लिहिली, 'पाणी कमी घाल. कुंडीला वाफसा नाय.'

रात्री त्यांचाच फोन आला. मला वाटलं, तुळशीबद्दल बोलतील.

"माळाला गिऱ्हाईक आलंय," ते म्हणाले. "रविवारी ये. तुझी न् वहिनींची सही लागंल."

* * *

आमचं गाव केडगाव. नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. हे दर वेळी सांगावं लागतं. बाहेरच्यांना ते माहीत असतं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. १८९६-९७ च्या दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला, तो इथेच. तसं आमच्या भागाचं पावसाशी कायमच वाकडं. ताम्हिणीत एका पावसाळ्यात ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, पुण्यात वर्षाला साधारण ७०० पडतो, आणि आमच्याकडे येईपर्यंत ढगांच्या खिशात ५०० च्या आतबाहेर उरलेला असतो. सगळं सह्याद्रीनेच लुटलेलं!

तरीही आज डेमूच्या खिडकीतून बघाल तर यवतपासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. ही कालव्याची कृपा. खडकवासल्याचं पाणी मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. म्हणजे बघा ना, पुणे शहराचं बरंचसं पाणी आणि काकांच्या उसातलं पाणी, दोन्ही एकाच धरणसाखळीतलं. आणि पुढे कळलं, की आमचा दोघांचा गुन्हाही एकच होता.

आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. खालचं रान दोन एकर, काळंभोर, कालव्याचं. आणि वरचा माळ, वीस गुंठे. मुरूम, तीन कडुलिंब, बाभळी आणि कंबरेएवढं एक वारूळ. खालच्या रानाला सगळे 'रान' म्हणतात, वरच्याला नुसतं 'पडीक'. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं, तेव्हापासून मी कागदोपत्री शेतकरी. प्रत्यक्षात, हुर्डा खायला येणारी पाहुणी.

माळ आता रस्त्याला लागलाय. तिथे प्लॉटिंग करून पुण्यातल्या लोकांना वीकएंड होम विकायचे, असा त्या गिऱ्हाइकाचा बेत. आधी जेसीबी लावून सगळं सपाट करायचं. माझ्या वाट्याला येणाऱ्या पैशात फ्लॅटच्या कर्जाचा चांगला मोठा तुकडा पडला असता. वीस वर्षांचं कर्ज, त्यातली तीन झालीत. महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज येतो तेव्हा पोटात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आई म्हणाली, "तू ठरव. तू सही केलीस की मी करते." मी रविवारी सकाळची डेमू पकडली. खरं सांगू? ठरवूनच निघाले होते. पेनसुद्धा चांगलं घेतलं होतं.

* * *

आदल्या रात्री पाऊस झाला होता. स्टेशनवरून चुलतभावाने बाइकवर घेतलं आणि थेट रानाकडे. मी बांधावरून उतरून उसाच्या सरीत पाय टाकणार, एवढ्यात काका लांबूनच ओरडले, "थांब! रानात पाय घालू नको. वाफसा नाय आजून!"

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण तुळस मरेपर्यंत त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता. काकांनी मग प्रॅक्टिकलच घेतलं. खालच्या रानातली मूठभर माती उचलून दाबली, तिचा लादा झाला आणि बोटांना चिकटला. बांधाच्या चढावरची माती घेतली, दाबली, गोळा झाला. कंबरेएवढ्या उंचीवरून सोडला, तर खाली पडून फुटला. हाताला काही लागलं नाही. "हा वाफसा," काका म्हणाले. "ओल बी हाय न् हवा बी हाय."

चुलतभाऊ शेतीचं शिकलाय, त्याने त्यात भर घातली. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते, बारीक बारीक पोकळ्यांची. ही जागा पाण्याने आणि हवेने अर्धी-अर्धी वाटून घेतली की वाफसा. सगळी पाण्याने भरली की मातीचा श्वास कोंडतो, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने सरकतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून सरकतो. काळी माती तर भिजली की फुगते आणि उरल्यासुरल्या पोकळ्याही बुजवते.

"आणि ताई, तुझ्या तुळशीची मुळं तशीच गुदमरली. मग कुजली."

"म्हणजे त्या पिवळ्या छत्रीने नाही मारलं तिला?"

"ती बिचारी कुजलेलं खायला आलेली! मयताला आलेल्यावर खुनाचा आळ घेतेस व्हय?"

आपल्या डोक्यात बुरशी म्हणजे ब्रेडवरची हिरवी, नाहीतर भिंतीवरच्या ओलीची काळी. ओल वाढली की बुरशी वाढते, एवढंच आपलं गणित. पण मातीतलं गणित तसं सरळ नाही. छत्री हे फक्त फळ. खरी बुरशी म्हणजे जमिनीखाली पसरलेलं केसाहून बारीक धाग्यांचं जाळं. काही जाती पालापाचोळा कुजवतात, काही मुळांशी भागीदारी करतात. मुळांना लांबचं फॉस्फरस आणि पाणी आणून द्यायचं, बदल्यात झाडाने केलेली साखर घ्यायची. ऊस आणि कांदा, आमच्या भागाची दोन्ही लाडकी पिकं, अशा भागीदारीत आहेत. आणि या जवळजवळ सगळ्यांना श्वास लागतो.

माती कोरडी पडली तर? बॅक्टेरियाला हलायला पाण्याचा पातळ थर लागतो; तो आटला की तो अडकून पडतो. बुरशीचा धागा मात्र दोन ओल्या कणांमधली कोरडी फट ओलांडून पलीकडे जातो. अगदीच कोरडं झालं की बीजाणू होऊन पावसाची वाट बघत बसतो. म्हणजे थोडी तहान बुरशीला चालते. कायमचं बुडणं नाही चालत. पाणी साचलं की मग मोजकेच गुंड शिरजोर होतात. त्यातल्या पिथियमला तर शास्त्रज्ञ खरी बुरशीसुद्धा मानत नाहीत. त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. आपण मोकाट पाणी सोडायचं म्हणजे त्याला स्विमिंग पूल बांधून द्यायचा!

काकांच्या रानाच्या तळाला दहा गुंठे आहेत. कालव्याचं आवर्तन आलं की वर्षानुवर्षं तिथे पाणी तुंबलं. पाणी फुकटासारखं, मग कमी कशाला द्यायचं? आता तिथे उन्हाळ्यात पांढरे क्षार वर येतात, जमीन चोपण झालीय, ऊस कमरेच्या वर जात नाही. भाऊ चार वर्षं ठिबक करा म्हणून मागे लागलाय. काकांचं उत्तर ठरलेलं, "पैसा तुझा सासरा देणार का?" (भावाचं लग्न व्हायचंय!)

वरच्या अंगाला खोडव्यात भावाने यंदा पाचट न जाळता सरीत तसंच ठेवलंय. त्याने ते उचलून दाखवलं. खाली दमट, मऊ, आणि पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं. वास कसा, तर पहिल्या पावसाचा! तो वास मात्र बुरशीचा नसतो बरं का. धाग्यांसारख्याच वाढणाऱ्या एका बॅक्टेरियाची ती देणगी. मग आम्ही तळाच्या दहा गुंठ्यांत गेलो. तिथली माती मी नाकाशी धरली. गटाराचा वास आला.

एकच शेत, एकच पाणी. अंतर किती, तर शंभर पावलं.

* * *

दुपारी जेवून माळावर गेलो. गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं.

माळ मला आठवतो तो आजीमुळे. आषाढात दोन-तीन मोठे पाऊस होऊन उघडीप पडली, की ती पहाटे उठून वारुळाकडे जायची. कधी काही नसायचं, कधी पदर भरून अळंबी घेऊन यायची. कांदा, लसूण, घरचं तिखट. मटणाच्या तोंडात मारेल अशी भाजी! फक्त वारुळाचीच, खाली लांब मूळ असलेलीच. दुसरी कुठलीही छत्री ती पायानेसुद्धा ओलांडायची नाही. (तुम्हीही मोबाइलवरचे फोटो बघून रानातली अळंबी तोडू नका. विषारी जाती दिसायला सख्ख्या बहिणीसारख्या असतात.)

ही अळंबी वाळवीची शेती असते, हे मला फार उशिरा कळलं. वाळवी काड्या-पाला चावून आणते, वारुळाच्या पोटात त्याचे स्पंजासारखे वाफे करते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बाहेर ५०० मिलिमीटरचा मुलूख, उन्हाळ्यात बेचाळीस डिग्री. आत मात्र कायम दमट. खोलवरून ओली माती आणून ओल राखायची, आणि त्याच वेळी वारुळाच्या पोकळ्यांतून हवा खेळती ठेवायची. वाळवी निघून गेली, तर काही दिवसांत दुसरीच बुरशी त्या वाफ्यांचा ताबा घेते. माणसाला ही अळंबी शेतात घ्यायला अजून नीट जमलेलं नाही. म्हणजे गावातलं सगळ्यात हुशार पाणी-व्यवस्थापन आमच्या 'पडीक' जमिनीत चाललंय आणि आम्ही तिथे जेसीबी आणणार!

गेल्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी भीमाशंकरला गेले होते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रात्री टॉर्च बंद केल्यावर कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसला. चमकणारी बुरशी, आपल्याकडे मायसेना जातीची सांगतात. सगळे 'अवतार', 'अवतार' करत ओरडत होतो. तीच भीमा पुढे आमच्या तालुक्यातून वाहते. तेव्हा मला वाटलं होतं, खरं जंगल, खरी विविधता ती तिकडे. आमच्याकडे काय, ढेकळं!

जगाचा हिशोब तसा भीमाशंकरच्या बाजूनेच आहे. २०१४ साली 'सायन्स' या पत्रिकेत एक मोठा अभ्यास आला. जगभरातले मातीचे ३६५ नमुने तपासले, तर बुरशींची विविधता ठरवण्यात हवामानाचा, त्यातही पावसाचा वाटा मोठा निघाला. पण पाऊस पडतो आणि थांबतोही. पाणी मुरतं, निचरतं, पुन्हा पडतं. जंगलाच्या उतारावर पालापाचोळ्याचा स्पंज असतो, माळावर मुरमाची चाळणी असते. माळाचा पगार कमी, पण ओल आणि उघडीप दोन्ही वेळच्या वेळी. म्हणून शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे ना, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं चिंकारांचं, तिथे गवताळ माळच राखलाय. त्याला कोणी पडीक म्हणत नाही.

आणि आपलं शहर? आमच्या सोसायटीत झाडांच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. त्याखालची माती रोलरने दाबलेली, थेंब आत जात नाही. दोन फुटांवर लॉन. तिथले स्प्रिंकलर टायमरवर, भर पावसातसुद्धा सकाळी सहाला सुरू! म्हणजे एकीकडे कायम निर्जळी, दुसरीकडे कायम पंगत. मधला वाफसा कुठेच नाही. २०१७ साली बाल्टिमोर, हेलसिंकी, लाहटी, बुडापेस्ट आणि दक्षिण आफ्रिकेतलं पोचेफस्ट्रूम अशा पाच शहरांतल्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशींचा एक मोठा गट शहरी मातीत रोडावलेला दिसला. आणि एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या शहरांतल्या बुरशी एकमेकींसारख्या होत चालल्यात, असंही दिसलं. मॉलसारखंच की! कुठल्याही शहरात जा, तेच चार ब्रँड.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. जिवंत बुरशी तिथे जपून ठेवतात. कॉलेजच्या दिवसांत मी रोज त्या रस्त्याने जायचे, आत काय चालतं याची कधी चौकशी केली नाही. पण संग्रहात ठेवलेली बुरशी वेगळी आणि वारुळात वाळवीने सांभाळलेली वेगळी. ओल आणि हवेची ती रोजची उठाठेव काचेच्या नळीत कशी येणार?

* * *

गिऱ्हाईक बरोबर चारला आलं. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, बोलायला गोड. त्याने वारुळाकडे बोट केलं, "हे एका तासाचं काम आहे, मॅडम."

मी काकांकडे बघितलं. त्यांना अळंबीचं काही सोयरसुतक असेल असं मला वाटत नव्हतं, आणि त्यांचं बरोबरही होतं. तळाचे दहा गुंठे गेलेत, मुलाचं लग्न तोंडावर आहे. "माळ ठेवून काय करू, ढेकळं खाऊ?" असं ते जेवतानाच म्हणाले होते. आणि मी तरी कुठली मोठी निसर्गप्रेमी! पर्समध्ये पेन होतंच की.

पण मी म्हणाले, "काका, रस्त्याकडेचे दहा गुंठेच देऊया का? मागचे राहू देत. तुमच्या वाट्याच्या पैशात खालच्या रानाला ठिबक करा, तळाला चर काढा."

"आन् तुझं कर्ज?"

"चालू राहील."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पांढऱ्या शर्टाला म्हणाले, "दहा देतो. मागचं नाय. आन् कागद दिवाळीनंतर. ह्यात आजून वाफसा नाय."

तो अर्थातच वैतागला. दहा गुंठ्यांत त्याचा हिशोब बसत नव्हता. 'कळवतो' म्हणून गेला, तो अजून कळवतोय. म्हणजे ठिबक लांबलं, भावाचं तोंड चार दिवस फुगलेलं. आणि पाच तारखेला बँकेचा मेसेज आला, तो पूर्वीइतकाच मोठा! त्या रात्री मला वाटलं, आपण मूर्खपणा केला. खरं सांगायचं तर अजूनही मधूनमधून वाटतं. वारुळाने कोणाचा हप्ता भरत नाही.

पण एक झालं. काकांनी तळाच्या दहा गुंठ्यांचं पाणी तोडलं. ठिबक नाही तर नाही, त्यांनी स्वतः कुदळ घेऊन निचऱ्याचा चर काढला आणि त्यात धैंचा पेरला. पुढच्या आवर्तनाला पाट त्या बाजूला वळवायचा नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा!

मीही पाचवी तुळस आणलीय. रात्री साडेनऊला घरी आले की हात आपसूक तांब्याकडे जातो. मग मी आधी बोट मातीत घालते, दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवते आणि नुसती तिच्याजवळ पाच मिनिटं बसते. तिला तेवढंच हवं होतं बहुतेक. तुळशीला चार महिने झालेत, मंजिऱ्या आल्यात.

यंदा वारुळावर अळंबी आली का, ते मी काकांना दर फोनला विचारायचे. "नाय आली," ते म्हणायचे, "पाऊस एकसारखा लागलाय, उघडीप पायजे." शेवटी परवा ग्रुपवर फोटो आला. काकांच्या भेगाळलेल्या तळहातावर तीन पांढऱ्या छत्र्या, लांब मुळांसकट. खाली ओळ, 'दोन आम्ही खाल्ल्या. एक वहिनींना पाठवतो.'

माझा विषयच नाही. पाहुणीच ना शेवटी!